नागपूरची आजी कोथिंबीर म्हणत नाही

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी माझा पहिला गेम स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या साइटवर, रिलीज केला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा लाकडी बैलांचा सण असतो त्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, म्हणजे ज्या सणावर हा अख्खा गेम आहे त्याच सकाळी, पानावर १९ रिव्ह्यू होते आणि त्यातले ८ लाल अंगठे. गेमचं नाव इथे लिहीत नाही, जाहिरात करायची नाहीये, जे झालं ते सांगायचंय.

गेम छोटासा आहे. एक पोट्टा, त्याचा चाकांचा लाकडी बैल आणि एक दोरी. बैल ओढत नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या गल्ल्यांतून निघायचं, घरोघरी जायचं, मधेमधे आजीने सांगितलेली कामं करायची, नाग नदीचा पूल ओलांडून महाल भागातून इतवारीत पोचायचं आणि शेवटी मारबतीची, म्हणजे गावाबाहेर नेऊन जाळतात त्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक. एकूण अडीच-तीन तासांचा खेळ. मिहानमधली नोकरी सोडून दोन वर्षं एकट्याने केलाय, चित्रं माझी, कोड माझा, संगीत फक्त एका मित्राने दिलं. स्टीमला एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात, ते १००० डॉलरची विक्री झाली की परत मिळतात, माझे अजून मिळालेले नाहीत. किंमत २५० रुपये ठेवली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टीमवर तारे वगैरे नसतात, एकच प्रश्न असतो, दुसऱ्याला हा गेम सुचवाल का, हो (निळा अंगठा) किंवा नाही (लाल अंगठा). १० रिव्ह्यू झाले की टक्केवारीवरून गेमच्या नावाखाली एक शब्द लागतो आणि ७० टक्क्यांच्या खाली गेलात की तो शब्द असतो मिक्स्ड. १९ पैकी ११ म्हणजे ५८ टक्के. त्यातून मित्रांना ज्या फुकट कीज, म्हणजे गेम मिळवायचे कोड, दिल्या होत्या त्यांचे रिव्ह्यू या हिशोबात धरतच नाहीत, २०१६ पासूनचा नियम आहे आणि नियम बरोबरच आहे, पण त्या दिवशी फार लागलं. एकाने सुचवलं की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला गेममधे काहीतरी फ्री देऊन टाक, तेही नियमात बसत नाही आणि मला करायचंही नव्हतं.

पहिली चूक मी रिलीजच्या तिसऱ्याच रात्री केली होती. एकाने लिहिलं होतं, 'पुलावर बैल उडतो, नदीत पडतो, परत पुलाच्या सुरुवातीला, परत उडतो. वीस वेळा केलं. पैसे परत घेतले.' रात्रीचा दीड वाजला होता, मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं आणि तो पूल मी स्वतः शेकडो वेळा ओलांडला होता, एकदाही बैल उडाला नव्हता. स्टीम डेव्हलपरला प्रत्येक रिव्ह्यूखाली एक अधिकृत उत्तर लिहू देतं, ते सगळ्यांना दिसतं. मी लिहिलं, 'आमच्याकडे असं होत नाही, ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेट करा आणि दोरी हळू ओढा.' आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, मी एकटाच तर आहे. पण रागात माणूस आपोआप आम्ही होतो.

त्याने परत काही लिहिलं नाही. पुढच्या दोन दिवसांत मात्र आणखी तिघांनी रिव्ह्यू लिहिले आणि त्यातल्या एकाने माझं ते उत्तरच दाखवून लिहिलं की डेव्हलपरला सांगून फायदा नाही, तो तुम्हालाच शिकवतो. हे वाक्य मला पाठ झालंय.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी मी सगळे आठ रिव्ह्यू एका वहीत उतरवून काढले, हाताने. स्क्रीनवर वाचलं की नुसता राग येत होता, वहीत लिहिताना हात हळू चालतो म्हणून तरी नीट वाचलं जाईल असं वाटलं. रिव्ह्यूच्या वर खेळाडूने लिहितेवेळी किती तास गेम खेळला होता ते असतं, तेही समोर लिहिलं. ०.४, ०.४, ०.५, ०.३, ०.४, मग १.९, ०.७ आणि २.८. मी त्या आकड्यांकडे आतापर्यंत 'अर्धा तासही न खेळता रिव्ह्यू लिहितात लोक' असंच बघत होतो. वहीत एकाखाली एक आले तेव्हा दिसलं की ०.४ तास म्हणजे २४ मिनिटं आणि माझ्या गेममधे २४ मिनिटांनी काय येतं, तर पूल. आठपैकी पाच माणसं एकाच ठिकाणी थांबली होती. त्यातल्या दोघांनी पुलाचं नावही काढलं नव्हतं, एकाने 'कंट्रोल बेकार' लिहिलं होतं, दुसऱ्याने 'कंटाळवाणा, तेच तेच करावं लागतं'. आणि तोही खरंच सांगत होता, तेच तेच करावं लागतच होतं त्याला, पुलावर.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मनीष नगरला मित्राकडे गेलो, त्याच्याकडे गेमिंगचा पीसी आहे आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. त्याला फक्त म्हटलं, खेळ, मी काही बोलणार नाही. पहिल्या गल्लीतच तो म्हणे, 'अबे बैल लय जोरात पळून राहिला तुझा.' मला वाटलं याला सवय नाही. पूल आला. बैल चढावर चढला आणि कमानीच्या मधोमध जमीन सोडून सरळ वर गेला, दोरी ताणली, पोट्टा पण मागे ओढला गेला, दोघं नदीत. परत सुरुवातीला. परत वर. मित्र हसत होता आणि मला घाम फुटला.

चूक अशी होती. दोरीची ओढ मी दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर चित्र जितक्या वेळा बदलतं तितक्या वेळा, जोडत होतो. माझा लॅपटॉप ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ओढ लागायची आणि त्याच हिशोबाने मी सगळे आकडे बसवले होते. १४४ च्या मॉनिटरवर तीच ओढ सेकंदाला १४४ वेळा, म्हणजे सरळ २.४ पट. सपाट रस्त्यावर ते नुसतं जोरात वाटतं, चढावर मात्र बैल उडतो. पहिल्या महिन्यात शिकवतात ही गोष्ट, की हालचाल फ्रेमवर नाही वेळेवर बांधायची. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली, ओढीचा कोड तिथून काढून फिजिक्सच्या भागात टाकला जो ठरल्याप्रमाणे सेकंदाला ६० वेळाच चालतो, मॉनिटर कोणताही असो. दोन वर्षं आणि चाळीस मिनिटं, हे मी मित्राच्याच टेबलावर बसून केलं आणि तिथूनच पॅच, म्हणजे दुरुस्त केलेला भाग, टाकला.

मग ते जुनं उत्तर. काढून टाकायचा मोह झाला होता, काढता येतं. पण ज्याने ते दाखवून लिहिलं होतं त्याला मग मी खोटं पाडल्यासारखं झालं असतं. म्हणून तेच उत्तर बदललं, आणि आधी काय लिहिलं होतं तेही त्यात ठेवलं. लिहिलं ते असं: 'आधी मी इथे ड्रायव्हर अपडेट करा असं लिहिलं होतं. ते चूक होतं. ६० हर्ट्झपेक्षा वेगवान मॉनिटरवर बैल उडत होता, दोष माझ्या कोडमधे होता, तुमच्यात नाही. आजच्या पॅचमधे दुरुस्त केलाय. वीस वेळा प्रयत्न केलात, त्याबद्दल मनापासून सॉरी.' एवढंच. परत खेळून बघा, अंगठा बदला, असं काही लिहिलं नाही, त्याने पैसे परत घेतले होते आणि तो त्याचा हक्कच होता, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं.

१.९ तासवाल्याचं दुखणं वेगळं होतं, त्याची लाइट गेली आणि सेव्ह, म्हणजे कुठवर खेळला त्याची नोंद, उडाली. हे माझ्याकडे कधीच दिसलं नसतं कारण लाइट आमच्याकडेही जाते, सक्करदऱ्यात पावसाळ्यात वारा सुटला की जातेच, पण लॅपटॉपला बॅटरी आहे, मला कळतही नाही. त्याचा डेस्कटॉप, यूपीएस नाही. मी सेव्ह करताना जुनी फाइल उघडून तिच्यावरच लिहीत होतो, आणि फाइल लिहायला उघडली की आधी ती रिकामी होते, त्या क्षणी वीज गेली तर हातात रिकामी फाइल. आता आधी वेगळ्या फाइलमधे लिहितो, पूर्ण लिहून झालं की तिला खऱ्या सेव्हचं नाव देतो, आणि त्याच्या आधीची एक प्रत बाजूला ठेवतो. त्याला उत्तर लिहिताना मी हे सगळं सांगितलं, कारण त्याने स्वतः रिव्ह्यूमधे फाइल शून्य केबीची दिसते असं नोंदवलं होतं. ज्या माणसाने फोल्डर उघडून पाहिलंय त्याला नुसतं 'आम्ही लक्ष घालतोय' म्हणणं मला अपमानच वाटला असता.

आता ०.७ वाला. या माणसाला मी पूल, सेव्ह सगळं झाल्यावर सगळ्यात शेवटी उत्तर दिलं आणि त्याच्यासाठी सगळ्यात जास्त काम केलं, तीन महिने.

त्याने मराठीत लिहिलं होतं. 'चित्रं छान. महाल ओळखू येतो. पण आजी कुठून आणली? नागपूरची आजी कोथिंबीर म्हणते? तान्ह्या पोळ्यावर गेम आणि बोजारा हा शब्द एकदाही नाही. आजी पुस्तकातली आहे. अक्षरंही इतकी बारीक की वाचवत नाहीत. नाही सुचवणार.'

सकाळी वाचला तेव्हा मी मनात म्हटलं, शब्दांवरून काय अंगठा खाली करतो यार. तोपर्यंत मला पूल हाच खरा प्रॉब्लेम वाटत होता. मनीष नगरहून परत आलो तेव्हा गेटपाशी गल्लीतली सात-आठ पोट्टी बैल घेऊन उभी होती, एकाच्या बैलाला झेंडूची माळ, एकाचा तर नुसता पाटीचा बैल, त्याला खडूने डोळे काढलेले. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघून म्हणे, 'बाबू, बोजाऱ्याचे सुट्टे आणजो फ्रिजवरून, पोट्टे कवाचे उभे आहेत.' मी फ्रिजवरची वाटी उचलली आणि तिथेच थांबलो. बोजारा. लहानपणी मी स्वतः मागितलाय, खिशात खुळखुळवत फिरलोय. आणि गेममधे मी काय लिहिलं होतं तर 'बक्षीस'. पोट्टा दारात जातो, बाई म्हणते 'हे घे तुझं बक्षीस, बाळा.'

मी असं का लिहिलं ते मला माहीत होतं. भीती होती. पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही, लोक म्हणतील अशुद्ध आहे, शाळेत आमच्या बोलीवर लाल पेन फिरायचा तो हातात अजून होता. म्हणून आजीला मी प्रमाण मराठी बोलायला लावली. आणि ही आजी काटोलकडची माझीच आजी होती, चेहरा तिचा काढलाय, नऊवारीची किनार तिच्या फोटोवरून घेतलीये, आणि तोंडात शब्द दुसऱ्याचे. तिला जाऊन सहा वर्षं झालीत. त्या रिव्ह्यूने हे बरोबर पकडलं होतं आणि तो माणूस तिला ओळखतही नव्हता.

रात्री आईला स्वयंपाकघरात बसवून सगळे संवाद वाचून दाखवले. ती चण्याच्या डाळीचं पुरण वाटत होती. पहिली ओळ होती, 'अरे बाळा, असा का बसला आहेस? बाजारातून थोडी कोथिंबीर घेऊन ये बघू.' आई वाटता वाटता थांबली. 'हे कोन बोलून राहिलं?' म्हटलं आजी. म्हणे, 'माही माय असं बोले? ती म्हणे, काहून बसला रे असा, जाय, सांबार आण, अन् येता येता त्या मावशीले सांगजो मी बोलावलं म्हणून.' सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मी पेन घेऊन लिहीत सुटलो. गेममधे ३१२ ओळी होत्या, त्यातल्या आजीच्या १४०. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही बसलो, नंतर मावशीही यायला लागली, दोघी एकेका ओळीवर भांडायच्या, आजी 'येजो' म्हणायची का 'येशीन', रागात काय म्हणायची आणि लाडात काय. आई मधेच आजीचा आवाज काढायची आणि मग दोघी गप्प व्हायच्या. मी रेकॉर्ड केलंय ते सगळं, गेमसाठी नाही, घरासाठी.

अडचण पुढे होती. गेम मी गोडो ३ मधे केला होता, गेम बनवायचं फुकटचं आणि मोकळं इंजिन आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं. पण त्या आवृत्तीला देवनागरी नीट जुळवता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, जोडाक्षरं फुटतात, 'मिरवणूक' लिहिलं की म नंतर वेलांटी लोंबकळते. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी पळवाट काढली होती, प्रत्येक ओळीचं चित्र करून टाकलं. ३१२ ओळी, ३१२ चित्रं. म्हणूनच अक्षरं बारीक होती, चित्र मोठं केलं की फाटतं. ०.७ वाल्याची दुसरी तक्रार आणि पहिली तक्रार शेवटी एकाच जागी येत होत्या. स्टीम डेकवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या मशीनवर, खेळणाऱ्या दुसऱ्या एकाचीही, तो २.८ वाला, हीच बोंब होती, तिचा स्क्रीन १२८० बाय ८०० चा आणि त्यात माझी ती चित्रं.

एकेक चित्र परत बनवत बसलो असतो तर पुढच्या वेळी एक शब्द बदलायचा म्हटला तरी परत तेच. म्हणून अख्खा गेम गोडो ४ वर नेला. मार्च २०२३ मधे ती आवृत्ती आली तेव्हापासून त्यात अक्षरं जुळवायची सोय आहे, हार्फबझ नावाची लायब्ररी आतून ते काम करते, देवनागरी, अरबी सगळं. पण कोड तसाच्या तसा चालत नाही. नोड्सची नावं बदललीत, 'यील्ड'चं 'अवेट' झालंय, पोट्ट्याची चाल ज्या फंक्शनवर होती त्याची लिहायची रीतच बदलली. आपोआप बदलून देणारं टूल आहे पण त्यानंतरही मला जवळपास प्रत्येक फाइल उघडावी लागली. फॉन्ट मुक्ता घेतला, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, मोफत आहे आणि लहान साइझला पण वाचवतो. ज्या रात्री 'मिरवणूक' पहिल्यांदा स्क्रीनवर खऱ्या अक्षरांत बरोबर उमटली, वेलांटी आपल्या जागेवर, त्या रात्री मी एकटाच उठून तुकडोजी पुतळ्यापर्यंत चालत जाऊन आलो.

एक लाल अंगठा असा आहे ज्याला मी अजूनही उत्तर दिलेलं नाही, म्हणजे दिलं होतं आणि काढलं. त्या आठातला नव्हे, नंतर आला तो. बाहेरच्या देशातल्या खेळाडूचा होता. शेवटी मारबतीचा पुतळा जाळतात ते त्याला फार भीतीदायक आणि क्रूर वाटलं, का जाळतात ते गेम सांगतच नाही असं लिहिलं होतं. मी त्याच्याखाली मोठा निबंध लिहिला, की काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, की रोगराई, वाईट गोष्टी तिच्यासोबत गावाबाहेर जातात, लोक ओरडतात 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'. सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्याची तक्रारच ही होती की गेम सांगत नाही, आणि मी ते गेमबाहेर सांगून मोकळा होत होतो. पुढच्या माणसाने शेवट बघण्याआधी माझा निबंध शोधून वाचायचा का? उत्तर काढलं आणि मिरवणुकीच्या आधी एक छोटा प्रसंग टाकला, आजी पोट्ट्याला खांद्यावर घेऊन गर्दीत उभी आहे आणि सांगते, यंदा घरात कोण आजारी होतं, कोणाचं पीक गेलं, ते सगळं हिच्या पाठीवर बांधून देऊन राहिलो आपण. आठ ओळी. पाच मावशीच्या आहेत. त्या खेळाडूला कळवायचं राहिलंय, इंग्रजी भाषांतरात 'पाठीवर बांधून देणं' नीट येईना म्हणून थांबलोय, ते बसलं की लिहीन.

नवीन आवृत्ती दिवाळीनंतर आली. आता ३४ रिव्ह्यू आहेत, २५ निळे, ७४ टक्के, नावाखालचा शब्द बदललाय. नवीन लाल अंगठे येतातच. एकाने लिहिलंय की आजीचं अर्धं बोलणं कळत नाही, आम्ही सोलापूरचे. त्याच्यासाठी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसेल असं करतोय, पण शब्द बदलणार नाही, हे त्याला स्पष्ट लिहिलं, का ते पण लिहिलं.

०.७ वाल्याला उत्तर लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी एवढंच पाठवलं: 'तुम्ही म्हणालात ते खरं होतं. आजीच्या सगळ्या ओळी माझ्या आईने आणि मावशीने परत सांगितल्या, मी फक्त लिहून घेतल्या. बोजारा आता आहे. सांबार आहे. अक्षरं मोठी करता येतात.'

त्याने काही उत्तर दिलं नाही आणि अंगठाही बदललेला नाही, रिव्ह्यू शब्दाशब्दाने तसाच आहे. फक्त स्टीम रिव्ह्यूच्या वर दोन आकडे दाखवतं, लिहिताना किती तास झाले होते आणि आजपर्यंत एकूण किती. परवा पाहिलं, लिहिताना ०.७, एकूण ४.१.